ग्राहकाची माहिती न विकता सॉफ्टवेअरचा व्यवसाय कसा उभारावा

सॉफ्टवेअरचा व्यवसाय सुरू करताना खासगीपणाचा विचार बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात. उत्पादन तयार होते, संकेतस्थळ उभे राहते, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की ‘प्रायव्हसी पॉलिसी’ नावाचे एक पान लागते. ते दुसऱ्या एखाद्या कंपनीकडून उतरवून घेतले जाते आणि नाव बदलून चिकटवले जाते. ग्राहकाच्या माहितीचे पुढे काय होणार हे मात्र त्या पानावर ठरत नसते. ते आपल्या जमाखर्चाच्या वहीत ठरते, आणि तेही अगदी सुरुवातीला.

हे समजून घेण्यासाठी झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक श्रीधर वेम्बू यांचे उदाहरण उपयोगी पडते. मद्रास आयआयटीतून पदवी आणि प्रिन्स्टनमधून विद्युत अभियांत्रिकीतील पीएचडी घेतलेल्या वेम्बूंनी १९९६ साली भावांच्या आणि सहकाऱ्यांच्या साथीने ॲडव्हेंटनेट ही कंपनी सुरू केली. २००९ मध्ये तिचे नाव झोहो झाले. तिने स्वतःच्या कमाईवर वाढायचे ठरवले, ती शेअर बाजारात उतरली नाही, आणि जाहिरातींतून पैसा मिळवायचा नाही हे धोरण तिने मोफत आवृत्त्यांनाही लावले. २०२० मध्ये आपल्या संकेतस्थळांवरील इतर कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे भेट देणाऱ्याचा माग काढणारे कोड, काढून टाकल्याचे तिने जाहीर केले. स्वतः वेम्बू तमिळनाडूतील तेनकासीजवळच्या एका गावात राहायला गेले, तेथे कंपनीचे काम उभे राहिले, आणि बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन घडवणारी शाळाही कंपनीने चालवली. वरवर पाहता ही सुटी सुटी मते वाटतात. मला त्यांत एकच धागा दिसतो. नवे काही शोधायला धीर लागतो, धीर धरायला स्वतःचा पैसा लागतो, आणि तो पैसा थेट ग्राहकाकडून येत असेल तर ग्राहकाची माहिती तिसऱ्याला देण्याची वेळच येत नाही.

आम्ही तिघे सांगलीत खासगी क्लासेससाठी हजेरी आणि फीचे सॉफ्टवेअर करतो. झोहोच्या आकारापुढे आमचा व्यवसाय म्हणजे पानाची टपरी आहे, पण हा धागा टपरीलाही लागू पडतो हे अनुभवाने कळले आहे, म्हणून पुढील टप्पे लिहीत आहे.

आधी दर ठरवा, मग कोड लिहा

कागदावर एक हिशेब मांडा. समजा, तिघांचे पगार, सर्व्हर, एसएमएस, भाडे आणि वीज धरून महिन्याचा खर्च एक लाख रुपये आहे, म्हणजे वर्षाचा बारा लाख. एका क्लासकडून वर्षाला सहा हजार रुपये घेतले तर दोनशे क्लासेस मिळाल्यावर खर्च भागतो. आता हेच सॉफ्टवेअर ‘सध्या मोफत’ म्हणून वाटायचे ठरवले, तरी बारा लाखांचा खर्च जागेवरच राहतो. दोनशे क्लासेसमध्ये प्रत्येकी ऐंशी विद्यार्थी धरले तर सोळा हजार विद्यार्थी होतात, आणि बारा लाख भागिले सोळा हजार म्हणजे पंचाहत्तर रुपये. दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी पंचाहत्तर रुपये कोठून तरी काढावे लागतील, आणि त्या विद्यार्थ्याविषयीची माहिती सोडली तर आपल्या हाती विकण्याजोगे दुसरे काहीही नसते. मोफत सॉफ्टवेअर देणारा माणूस वाईट असतो असे मुळीच नाही. त्याने हा भागाकार केलेला नसतो, एवढेच.

हा भागाकार आमच्या कामी आला. दहावीचा निकाल लागण्याच्या सुमारास पालकांचे मोबाइल क्रमांक किती मोलाचे होतात, हे महाराष्ट्रातील प्रत्येक पालकाला ठाऊक आहे; निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून प्रवेशाचे फोन सुरू होतात. एका मे महिन्यात एक मध्यस्थ आमच्याकडे आला आणि दर क्रमांकामागे ठरावीक रक्कम देऊ लागला. त्या वर्षी फी भरणाऱ्या क्लासेसवर आमचा खर्च भागत होता, म्हणून त्याला नाही म्हणायला आम्हाला दोन मिनिटेही लागली नाहीत. भागत नसता तर आम्ही काय केले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि म्हणूनच दर ठरवण्याला मी इतके महत्त्व देतो.

पहिले ग्राहक मिळेपर्यंत खर्च कसा भागवायचा, हा प्रश्न उरतोच. झोहोच्या बाबतीत नेटवर्क व्यवस्थापनाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या कमाईवर नवी उत्पादने वाढली. आम्ही दोन वर्षे इतरांची संकेतस्थळे करून देऊन घर चालवले. बाहेरचा गुंतवणूकदार घेणे हा गुन्हा नाही, परंतु त्याचा पैसा परत करण्याची मुदत आपल्या संशोधनाची मुदत ठरवते, आणि ती जवळ आली की नजर सर्वांत आधी साठवलेल्या माहितीकडे वळते. गुंतवणूक घ्यायचीच असेल तर ग्राहकांच्या माहितीतून उत्पन्न काढायचे नाही, ही अट भागधारकांच्या करारात लेखी घालून घ्या. तोंडी समजूत पुरत नाही.

जाहिरातीशिवाय गत्यंतरच नसेल, तर निदान माणसाचा माग काढणारी जाहिरात टाळा. गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेले डकडकगो हे शोधयंत्र जाहिराती दाखवते, पण त्या शोधलेल्या शब्दावरून दाखवते. सायकल शोधणाऱ्याला सायकलची जाहिरात दाखवायला तो कोण आहे हे माहीत असण्याची गरज नसते.

अर्जातला प्रत्येक रकाना जाब देऊ शकला पाहिजे

आमच्या पहिल्या ग्राहक क्लासचा प्रवेश अर्ज एकोणीस रकान्यांचा होता. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, रक्तगट, आधार क्रमांक, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, दोन मोबाइल क्रमांक, शाळा, मागील वर्षाचे गुण, आणि असे बरेच काही. मी तो जसाच्या तसा संगणकावर उतरवणार होतो. मग एका दुपारी क्लासच्या सरांसमोर बसून मी लाल पेन काढला आणि प्रत्येक रकान्यावर दोनच प्रश्न विचारले: हे कोणत्या कामाला लागते, आणि शेवटचे कधी वापरले?

रक्तगटावर सर थोडे थांबले. “असू द्या हो, कधीतरी लागेल,” असे ते म्हणाले. आठ वर्षांत कधी लागला का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली, आणि त्या रकान्यावर रेघ पडली. उत्पन्नाच्या रकान्यावर ते म्हणाले, “ते शाळेच्या अर्जात होतं, म्हणून आम्हीही ठेवलं.” आधार क्रमांक कोणी कधी तपासलाच नव्हता, तो फक्त एका जाड फाइलीत पडून होता आणि ती फाइल झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेली होती. तासाभरात एकोणीसचे सात रकाने उरले: नाव, इयत्ता, शाळा, पालकाचे नाव, एक मोबाइल क्रमांक, बॅच आणि फी.

“कधीतरी लागेल” हे वाक्य ऐकू आले की तो रकाना खोडावा, हा आमचा नियम त्या दुपारपासून झाला. साठवलेल्या प्रत्येक गोष्टीची राखण करावी लागते, ती चोरीला जाऊ शकते, आणि ती मागायला कोणी अधिकाराने आले तर द्यावी लागते. सिग्नल या संदेश ॲपच्या बाबतीत २०१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून न्यायालयीन आदेश आला होता. कंपनीजवळ देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले ती वेळ, आणि ते शेवटचे कधी जोडले गेले तो दिवस. संपर्कयादी, गट, संदेश यांपैकी काहीही तिच्याजवळ नव्हते. ती माहिती वाचवण्यासाठी तिला झुंजावे लागले नाही, कारण झुंजण्याजोगे काही साठवलेलेच नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, असे अनेकांना वाटते. लटान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने दोन दशकांपूर्वीच दाखवून दिले होते की टपाल विभागाचा क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखू येऊ शकतात. आपल्या पिनकोडात माणसे पुष्कळ असतात हे खरे, पण तीस मुलांच्या बॅचमध्ये जन्मतारीख एकटीच नावाचे काम करते. जन्मतारखेऐवजी इयत्ता पुरत असेल तर इयत्ताच घ्यावी.

घेतलेल्या माहितीला मुदतही हवी. विद्यार्थी क्लास सोडून गेल्यावर त्याचा मोबाइल क्रमांक किती दिवस ठेवायचा, हे सॉफ्टवेअरमध्येच ठरवून टाका आणि त्या दिवशी तो आपोआप पुसला जाऊ द्या. माणसाच्या आठवणीवर सोडलेले पुसणे कधीच होत नाही. रोज घेतल्या जाणाऱ्या बॅकअपमध्येही ती नोंद असते, हे लक्षात ठेवा. आम्ही पस्तीस दिवसांहून जुने बॅकअप ठेवत नाही, त्यामुळे पुसलेली नोंद जास्तीत जास्त पस्तीस दिवसांत सगळीकडून जाते. फीच्या पावत्या हिशेबासाठी ठेवाव्या लागतात. त्या वेगळ्या तक्त्यात ठेवल्या तर त्यांच्यासोबत बाकीचे सगळे ओढत राहावे लागत नाही.

घरात किती परके डोळे आहेत ते मोजा

हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि आजच करता येते. संगणकावर आपले संकेतस्थळ उघडा, ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा भाग उघडा आणि पान पुन्हा लोड करा. आपले पान उघडताना कोणकोणत्या पत्त्यांशी संपर्क झाला, त्याची यादी समोर येते. आम्ही हे प्रथम केले तेव्हा आमच्या साध्या पाच पानी संकेतस्थळावरून अकरा परक्या पत्त्यांकडे विनंत्या जात होत्या: भेटी मोजणारी यंत्रणा, अक्षरांचे फॉन्ट, नकाशा, व्हिडिओ, शेअर करण्याची बटणे, आणि एका जुन्या जाहिरातीसाठी टाकलेला व विसरून गेलेला कोड. त्यांपैकी एकही आम्ही वाईट हेतूने बसवलेला नव्हता.

फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात. नकाशाच्या जागी नकाशाचे चित्र आणि त्यावर दुवा पुरतो. भेटी मोजण्यासाठी मॅटोमोसारखी यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. अँड्रॉइड ॲपसाठी एक्झोडस प्रायव्हसी या फ्रेंच संस्थेचे मोफत साधन आहे. ॲपच्या पोटात कोणते ट्रॅकर आहेत ते ते दाखवते. तयार एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीने आपल्या ॲपमध्ये जोडण्यासाठी दिलेला कोड, वापरताना ती कोणाला काय पाठवते हे वाचल्याशिवाय ती जोडू नका, कारण पालकाच्या नजरेला ॲप आपले असते आणि आतून बोलणारा दुसराच कोणी असतो.

वचन आणि रचना यांत गल्लत करू नका

आम्ही तुमची माहिती विकणार नाही, हे वचन झाले. आम्हाला तुमची माहिती वाचताच येत नाही, ही रचना झाली. वेम्बूंच्या कंपनीविषयी आदर बाळगूनही हा फरक तिच्याच उदाहरणावरून सांगावा लागतो. झोहोच्या अरट्टाई या संदेश ॲपकडे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अचानक मोठी गर्दी लोटली, तेव्हा त्यावरील कॉल्सना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (दोन्ही टोकांच्या माणसांशिवाय कोणालाही, अगदी कंपनीलाही, उघडता येत नाही असे कुलूप) होते, पण लेखी संदेशांना ते सरसकट नव्हते, आणि जाणकारांनी नेमके त्यावर बोट ठेवले. जाहिराती न घेण्याचे धोरण त्या वेळीही तेच होते. धोरण चांगले असणे आणि कुलूप लागलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाला दोन्ही हव्या असतात.

हजेरीच्या सॉफ्टवेअरला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दरवेळी शक्य नसते, कारण सर्व्हरला एसएमएस पाठवण्यासाठी क्रमांक लागतोच. तरीही पुष्कळ काही करता येते. मोबाइल क्रमांकाचा स्तंभ एन्क्रिप्ट करून त्याची किल्ली डेटाबेसपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. क्लासच्या शिक्षकाला फक्त त्याची बॅच दिसावी, फीचा रकाना फक्त संचालकाला दिसावा. कोणी कोणाची नोंद कधी उघडली याचीही नोंद राहावी, आणि ती आपल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाही लागू असावी. चाचणीसाठी खरी माहिती विकसकाच्या लॅपटॉपवर कधीही घेऊ नये. खोट्या नावांची यादी तयार करून ठेवावी. हा शेवटचा नियम आम्ही ठेच लागल्यावर केला. आमच्यातील एकाने तपासणीसाठी काढलेली खऱ्या क्रमांकांची एक्सेल फाइल चुकून भलत्याच व्हॉट्सॲप गटावर गेली होती. ती दोन मिनिटांत पुसली, आणि त्या क्लासच्या पालकांना आम्ही स्वतः फोन करून सांगितले. ते फोन करताना मला जी लाज वाटली ती अजून ताजी आहे.

नव्या कल्पना याच बंधनातून सुचतात, असा माझा अनुभव आहे. कोणते विद्यार्थी मध्येच क्लास सोडण्याची शक्यता आहे, हे सरांना आधी कळावे अशी मागणी होती. सगळ्या क्लासेसची हजेरी एकत्र करून सर्व्हरवर हिशेब करणे सोपे होते. तसे करायचे नाही असे ठरवल्यामुळे आम्ही तो हिशेब सरांच्या स्वतःच्या फोनवरच होईल असा लिहिला: लागोपाठच्या गैरहजेऱ्या आणि थकलेली फी, एवढ्या दोन गोष्टी पुरल्या. तो अधिक वेगाने चालतो आणि नेट नसतानाही चालतो.

कायदा मराठीत वाचा आणि मराठीतच सांगा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि प्रमुख जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. शिक्षणसंस्थांना काही मर्यादित सवलती आहेत, त्या आपल्याला लागू होतात का हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

या कायद्यातील दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. म्हणजे एका टिचकीने घेतलेली संमती परत घेण्यासाठी पत्र लिहायला लावता येणार नाही. आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी पालकाला ती मराठीत मिळण्याचा हक्क आहे. ती वकिली मराठीत असू नये. आमच्या अर्जावरील सूचना अशी आहे: “आम्ही तुमच्या पाल्याचे नाव, इयत्ता, शाळा, बॅच, फीच्या नोंदी, तुमचे नाव आणि तुमचा एक मोबाइल क्रमांक घेतो. हजेरी आणि फी कळवण्यासाठीच हा क्रमांक वापरला जातो. तो दुसऱ्या कोणालाही दिला जात नाही. क्लास सोडल्यावर नव्वद दिवसांनी आम्ही तो पुसतो. आधी पुसायचा असेल तर या क्रमांकावर ‘पुसा’ असे पाठवा.” ही सूचना एका विद्यार्थ्याच्या आजीला वाचून दाखवली होती, तिला कळली, तेव्हाच ती अर्जावर छापली.

माहिती फुटल्यास बाधित व्यक्तींना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवावे लागते, आणि मंडळाला सविस्तर माहिती बहात्तर तासांत द्यावी लागते. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. सहा तासांत कोणी कोणाला फोन करायचा, हे घटना घडल्यावर ठरवता येत नाही. तो कागद आजच लिहून भिंतीवर लावून ठेवावा.

व्यवसाय विकला किंवा बंद पडला तर काय, हे आत्ताच लिहा

यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या व्हॉट्सॲपने जाहिराती घ्यायच्या नाहीत असे ठरवले होते, आणि वर्षाला एक डॉलर फी हा त्यांचा सरळ मार्ग होता. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला ती कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, २०१६ च्या आरंभी ती फी रद्द झाली, आणि त्याच वर्षी खात्यांची माहिती फेसबुकशी जोडण्याची मुभा देणारे नवे धोरण आले. विलीनीकरणाच्या वेळी दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणे शक्य नाही असे फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितले होते; ते दिशाभूल करणारे ठरवून आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. ॲक्टन त्याच वर्षी बाहेर पडले आणि २०१८ मध्ये त्यांनी पाच कोटी डॉलर देऊन सिग्नल फाउंडेशन उभारण्यास हातभार लावला, जी नफ्यासाठी चालत नाही आणि विकताही येत नाही. संस्थापकांचा हेतू प्रामाणिक असूनही मालकी बदलल्यावर त्यांचे वचन टिकले नाही.

म्हणून आमच्या प्रत्येक करारात एक कलम आहे. कंपनी विकली गेली किंवा बंद पडली, तर प्रत्येक क्लासला साठ दिवस आधी कळवले जाईल, त्याची संपूर्ण माहिती कोणत्याही संगणकावर उघडेल अशा फाइलीत परत दिली जाईल, आणि लेखी होकार आल्याशिवाय ती नव्या मालकाकडे जाणार नाही. होकार न आल्यास ती पुसली जाईल. या कलमाची पहिली प्रत आमच्या पहिल्या क्लासच्या सरांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारले, “म्हणजे उद्या तुम्ही दुकान बंद केलंत, तर माझी वही मला परत मिळणार ना?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “मग तसंच लिहा की.” आता त्या कलमाची पहिली ओळ अशी आहे: क्लासची वही क्लासला परत मिळेल.